सवलतीचा पैसा जातो कोठे?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनी नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर लागणार नाही असे लोकसभेत जाहीर केले, तेव्हा पगारदार मध्यमवर्गाच्या घरोघरी आनंदाची लहर उठली, आणि ती उठणे स्वाभाविकच होते. बारा लाख मिळविणाराचे वर्षाकाठी ८० हजार रुपये वाचणार होते. ह्या औदार्यापायी सरकारला सुमारे एक लाख कोटी रुपयांच्या प्रत्यक्ष करावर पाणी सोडावे लागेल, हेही अर्थमंत्र्यांनी लपविले नाही. मात्र त्याच भाषणात त्यांनी आणखी एक विधान केले. हा पैसा मध्यमवर्गाच्या हाती राहिला म्हणजे घरगुती खर्च, बचत आणि गुंतवणूक ह्या तिन्हींना चालना मिळेल, असे त्या म्हणाल्या. आम्हांला प्रश्न पडतो तो येथेच. खर्च केलेला रुपया शिलकीत पडत नाही आणि शिलकीत टाकलेला रुपया त्या दिवशी तरी दुकानदाराच्या गल्ल्यात जात नाही. तेव्हा एक लाख कोटींपैकी किती गल्ल्यात गेले व किती शिलकीत पडले, हे कळल्यावाचून चालना कशास मिळाली हे सांगणार कोण?

आमचे बहुसंख्य वाचक ह्या सवलतीचे धनी आहेत. त्यांच्या कानांस गोड लागणार नाही असे काही लिहिणे त्यामुळे अवघड आहे, तथापि ते लिहिले पाहिजे. प्रथम हे स्पष्ट करू की, सवलत अन्यायाची होती असे आमचे म्हणणे नाही. जुन्या करपद्धतीतील अडीच लाखांची करमुक्त मर्यादा २०१४ पासून हललेली नव्हती. दहा-अकरा वर्षांत धान्य, शाळेची फी, घरभाडे, औषधपाणी कोठल्या कोठे गेले. पगाराचा आकडा महागाईच्या मागे धावत फुगला, आणि त्या फुगलेल्या आकड्यावर कर मात्र वाढत्या दराने बसत राहिला. महागाईने जे गुपचूप काढून घेतले त्यातले काही परत मिळाले, तर त्याला न्याय म्हणावे. परंतु न्याय ही एक गोष्ट आणि अर्थव्यवस्थेचे इंजिन ही दुसरी. सरकारी प्रचारात ह्या दोहोंची जी बेमालूम गल्लत केली जाते, तिच्याशी आमचे भांडण आहे.

दिल्लीच्या आकडेमोडीपेक्षा आमच्या पनवेलच्या कुशीतील करंजाडे येथे जाऊन पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. सिडकोने आखलेल्या ह्या वसाहतीत साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवर एकाला एक लागून इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि मुंबईत वा ठाण्यात घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले अशा नोकरदारांनी तेथे आपला संसार मांडला आहे. अशा एखाद्या गृहस्थाने चाळीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढले आहे असे धरा. त्याचा मासिक हप्ता सुमारे ३४ हजार ७०० रुपये येतो. करसवलतीने त्याच्या हाती दरमहा ६ हजार ६०० रुपयांच्या आसपास अधिक उरू लागले. तो शहाणा असेल तर काय करील? ती रक्कम दरमहा मुद्दलात भरीत गेला, तर वीस वर्षांचे कर्ज १३ वर्षे ८ महिन्यांत फिटते आणि पंधरा लाखांहून अधिक व्याज वाचते. पंधरा लाख! हे गणित समजल्यावर नवा दूरचित्रवाणी संच घेण्यास धावणारा गृहस्थ विरळाच, आणि न समजणाराला त्याची गृहिणी ते समजावून सांगितल्याशिवाय राहत नाही.

व्याजदरांच्या कपातीचीही हीच कथा. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर ह्या काळात रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. वृत्तपत्रांत मथळे झळकले की, कर्जदारांच्या खिशात पैसा खुळखुळणार. प्रत्यक्षात दर उतरला की आपल्या बँका बहुधा हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करतात. कर्जदाराचे त्यात हितच आहे. पण ज्या खुळखुळाटाची वाट बाजार पाहत होता तो बारा-पंधरा वर्षांपुढे ढकलला जातो.

कोणी म्हणेल की, बचत हे काय पाप आहे? मुळीच नाही. २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्क्यांवर, म्हणजे कित्येक दशकांतील नीचांकावर आली होती. कर्ज काढून संसार रेटणाऱ्यांनी आता घडी नीट बसवावी हे उचितच आहे. शिवाय बँकेत परतलेला पैसा बँक दुसऱ्या कोणास तरी कर्जाऊ देईल, असा युक्तिवाद अर्थशास्त्राची पुस्तके करतात. तो खरा ठरण्यास कर्ज मागणारा कारखानदार दारात उभा असावा लागतो, आणि माल खपेल अशी खात्री असल्यावाचून कारखानदार नवे यंत्र घेत नाही. ह्याचा अनुभव फार जुना नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कंपनी कराचा मूळ दर तीस टक्क्यांवरून बावीसवर आणला आणि वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न सोडले. अपेक्षा अशी की कंपन्या नव्या गुंतवणुकीस सरसावतील. रिझर्व्ह बँकेच्या २०१९-२० च्या वार्षिक अहवालात काय आढळते? कंपन्यांनी तो पैसा जुने कर्ज फेडण्यास व रोख शिल्लक वाढविण्यास वापरला. करंजाड्यातील गृहस्थाने जे केले तेच मोठमोठ्या कंपन्यांनी केले. दोघेही आपापल्या जागी शहाणेच!

करदात्याच्या ह्या शहाणपणाची धास्ती सरकारलाही असते, ह्याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी, करोनाच्या मंदीत, सरकारी नोकरांसाठी रजा-प्रवास सवलतीच्या बदल्यात रोख रकमेची योजना निघाली. तिच्या अटी वाचण्यासारख्या होत्या. भाड्याच्या तिप्पट खर्च करावा, तो बारा टक्के वा अधिक जीएसटी असलेल्या मालावरच करावा, रोखीने करू नये आणि ३१ मार्च २०२१ पूर्वी करावा. सणासाठी दहा हजारांची बिनव्याजी उचल मिळाली तीही कार्डावर, त्याच मुदतीत संपविण्यासाठी. मोकळा पैसा दिला तर तो खर्च होणार नाही, हे ठाऊक असल्यावाचून इतके फास कोणी आवळील काय? जपानने १९९९ मध्ये सहा महिन्यांची मुदत असलेली खरेदी-कुपने वाटून हाच प्रयोग केला होता. लोकांनी नेहमीची बरीचशी खरेदी कुपनांवर केली आणि तेवढी रोकड बाजूस ठेवली. अमेरिकेत २००१ साली करदात्यांना तीनशे-सहाशे डॉलरचे धनादेश घरपोच गेले. त्यातला बराचसा भाग खर्च करू असे सांगणारे पाहणीत चौघांमागे एकही भरले नाहीत. मात्र तेथील पुढच्या संशोधनातून एक गोष्ट पुनःपुन्हा निष्पन्न झाली की, ज्यांच्या गाठीस काही नव्हते त्यांनी मिळालेला पैसा लवकर आणि अधिक प्रमाणात खर्च केला.

सगळे मर्म ह्या एका गोष्टीत आहे, आणि ते महाराष्ट्राला परदेशी पंडितांकडून शिकण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर कामास लागली. तिला पैसा पुरविण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि १९७७ च्या कायद्याने योजनेस हक्काचे रूप मिळाले. आमच्या वाचकांच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची जी कपात दिसते, तिचा उगम हा आहे. आजच्या सवलतीच्या नेमकी उलट दिशा! तेथे करदात्याकडून पैसा घेऊन तो अशा हातांत दिला गेला, जे हात संध्याकाळी ज्वारी विकत घेतल्याशिवाय राहू शकत नव्हते. ती मजुरी गावच्या वाण्याकडे गेली, वाण्याकडून अडत्याकडे गेली, आणि मागे पाझर तलाव, बांध व रस्ते उरले. हजेरीपटांवर खोटी नावे चढली, कामे अर्धवट राहिली, हे सर्व मान्य. तरीही मध्यमवर्गाने तो कर मुकाट्याने भरला, ही त्या पिढीच्या खात्यावरची मोठी जमेची बाजू होय.

आज त्याच वर्गाच्या दिवाणखान्यांत काय ऐकू येते? जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत महिना पंधराशे रुपये वाटले जाऊ लागले, तेव्हा ‘आमच्या करांवर ही खैरात कशाला’ असा सूर निघाला. ज्या घरात आयकर भरला जातो ते घर योजनेतून वगळलेले, म्हणून तो अधिकच कडवट. कर्जबाजारी तिजोरीतून, निवडणुकीच्या तोंडावर आणि पात्रतेची धड छाननी न करता पैसे वाटणे आम्हांसही पसंत नाही. पण पंधराशे ही खैरात आणि ८० हजार हा हक्क, असे म्हणणाराने निदान एवढे ध्यानात घ्यावे की, त्याच्या घरी भांडी घासणारी बाईही साबणाच्या वडीवर कर भरते. करदाता हा शब्द आयकरवाल्यांनी आपल्या नावे करून घेतला आहे, इतकेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर उतरले, त्याचा आम्हांस अधिक आनंद वाटतो तो ह्याकरिता. ती सवलत थोडीबहुत तिच्याही पदरात पडली, आणि मुख्य म्हणजे काही विकत घेतल्याखेरीज ती कोणास मिळत नाही.

मग हा पैसा सार्वजनिक कामांवर लावावा काय? आमचा कल तिकडे आहे, पण त्यातही भाबडेपणा नको. कामे वेळ खातात. करंजाड्याच्या शेजारच्या विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी विमान उडाले ते त्या वर्षीच्या नाताळात. मंदीवर तातडीचा उतारा म्हणून असली कामे निरुपयोगीच. परंतु लहान कामांचे तसे नाही. ज्या वसाहतीच्या दाराशी विमानतळ आला, त्याच करंजाड्यातून पाणीटंचाईच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. टँकरचे पैसे सोसायटीच्या मासिक वर्गणीतून जातात, म्हणजे डाव्या हातास मिळालेली सवलत उजव्या हाताने टँकरवाल्यास पोचती होते. जलवाहिन्या बदलणे, साठवण टाक्या बांधणे, गळती थांबविणे ही काही महिन्यांत उरकणारी कामे आहेत. त्यांवर गवंडी, नळकारागीर, मजूर राबतात आणि त्यांची मजुरी पनवेलच्याच बाजारात खेळते.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राचा भांडवली खर्च ११ लाख २१ हजार कोटींचा होता. सोडलेला कर त्याच्या अकराव्या हिश्शाइतका भरतो. रस्त्याच्या प्रत्येक मैलाचा हिशेब मागणारी संसद ह्या अकराव्या हिश्शाबद्दल मौन का पाळते? सवलतीतून किती कर्ज फिटले, किती पैसा भागबाजारात व सोन्यात गेला, किती दुकानांत पोचला, आणि दहा लाख मिळविणाराने व चोवीस लाख मिळविणाराने त्याचे काय केले, ह्याची पाहणी करण्याची यंत्रणा सांख्यिकी मंत्रालयापाशी आहे. तिचे निष्कर्ष अर्थमंत्र्यांनी नव्या सवलतींच्या घोषणेपूर्वी सभागृहाच्या पटलावर ठेवावेत, आणि आमच्या रायगडच्या व नवी मुंबईच्या लोकप्रतिनिधींनी ते मागून घ्यावेत.