पहिला डीएसएलआर हलकाच हवा

मोबाइलनंतर पहिला डीएसएलआर घेताना आपल्यापैकी अनेकांना मोठा, वजनदार कॅमेरा हवा असतो. माझे मत उलट आहे.

सुट्टीत वाराणसीला मी काकांचा निकॉन डी३५०० वापरला. बॅटरी व कार्डासह वजन सुमारे ४१५ ग्रॅम. मुन्शी घाटाच्या पायऱ्या, एका बाजूला दरभंगा घाट, दुसऱ्या बाजूला आपल्या अहिल्याबाईंच्या नावाचा घाट, एवढे हिंडूनही मान दुखली नाही. रूट मार्च केलेल्यांना वजनाचे महत्त्व सांगायला नको. सेन्सर मात्र महागड्या डी५०० एवढाच.

घाट पूर्वाभिमुख असल्याने सूर्य उगवल्यावर उजेड भरपूर असतो. त्याआधी मात्र सोबत मिळणारी १८-५५ लेन्स कमी पडते. ५५ वर ती एफ/५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमी एफ/१.८ लेन्स त्याच्या नऊ पटींहून जास्त प्रकाश घेते. डी३५०० मध्ये फोकस मोटर नसते, म्हणून लेन्स एएफ-एस प्रकारची घ्यावी.

तेव्हा कॅमेरा हलका घ्या, वाचलेले पैसे अशा लेन्ससाठी ठेवा. आपल्या वयात हे पैसे आईवडिलांचे असतात. भारी कॅमेरा ओझ्यामुळे आणि भीतीमुळे कपाटातच राहिला, तर ते वाया गेले.