स्क्रूवरचा स्टिकर

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा एसी नसलेल्या खोलीतली हवाही दुपारी ३८-४० अंशांची असते. संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाच्या वाट्याला तीच हवा येते. कार्डावरचा पंखा हवा गार करत नाही. खोलीत जशी असेल तशी ती हीटसिंकच्या पत्र्यांमधून ढकलतो, एवढेच त्याचे काम. म्हणून २५ अंशांच्या खोलीत जे कार्ड पूर्ण भाराखाली ६८ अंशांवर थांबते, तेच ४० अंशांच्या खोलीत ८३ अंशांच्या आसपास पोहोचते. एनव्हिडियाच्या अनेक कार्डांवर नेमका ८३ हाच आकडा तापमानाची मर्यादा म्हणून ठेवलेला होता. तो गाठला की कार्ड आपला वेग उतरवू लागते. म्हणजे आपण जेवढ्या कामाचे पैसे मोजले, तेवढे काम ऐन उन्हाळ्यात हाती पडत नाही. याला उपाय आहे आणि तो जुना आहे: कार्डासोबत आलेला हीटसिंक-पंखा काढून त्याहून मोठा, चांगला बसवणे. पण कार्डाच्या मागच्या एका स्क्रूवर बहुधा एक बारीक स्टिकर चिकटवलेला असतो. तो फाटला की वॉरंटी गेली, असे ग्राहकाला सांगितले जाते. ही अट चुकीची आहे आणि ती हटली पाहिजे.

वेगळा कूलर बसवून फरक किती पडतो, हे २०१३ साली आलेल्या एएमडीच्या आर९ २९०एक्स या कार्डाने दाखवून दिले. कंपनीच्या मूळ रचनेत एकच छोटा ब्लोअर होता. चिप सरळ ९५ अंशांवर चाले आणि तरीही कानठळ्या बसतील असा आवाज होई. त्याच चिपवर आर्क्टिकच्या ॲक्सेलेरोसारखा तीन पंख्यांचा कूलर चढवला की तापमान पंधरा-वीस अंशांनी उतरे आणि आवाजही बसे. यात जादू काही नाही. रायजिनटेकच्या मॉर्फियसमध्ये तांब्याच्या बारा नळ्या चिपची उष्णता उचलून पत्र्यांच्या रुंद पसाऱ्यात नेऊन सोडतात आणि त्यावर १२ सेंटिमीटरचे दोन साधे पंखे बसतात. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा देतो. पंख्याचा वेग दुप्पट केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो, म्हणून लहान पंखा जिवाच्या आकांताने फिरवण्यापेक्षा मोठा पंखा निवांत फिरवणे केव्हाही बरे. एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्यावी: कूलर बदलल्याने खोलीत सोडली जाणारी उष्णता कमी होत नाही. ३०० वॉट खाणारे कार्ड खोलीला ३०० वॉटच परत देते. उसंत मिळते ती चिपला.

यावर पहिला आक्षेप असा की आता कार्डांचे मूळ कूलरच अजस्र असतात. ते खरे आहे. २०२२ चे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॉटचे, तर २०२५ चे ५०९० हे ५७५ वॉटचे कार्ड. त्यांच्यावर कोणी नवा कूलर चढवावा अशी गरज क्वचितच पडते. पण बहुतेक लोक घेतात ती कार्डे मधल्या आणि खालच्या किमतीची, आणि काटकसर पहिल्यांदा होते ती तिथल्या कूलरवरच. शिवाय कूलर हा झिजणारा भाग आहे. चार-पाच वर्षे चाललेले कार्ड उघडून पाहावे: थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली, मेमरीवरच्या पॅडमधून तेल सुटलेले, पत्र्यांच्या फटींत धुळीचा नमदा बसलेला आणि एका पंख्याचे बेअरिंग खरखरणारे. चिप अजून धडधाकट असते. तिच्यावर लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, घरांचे आराखडे रंगवणारा किंवा ॲनिमेशन शिकणारा माणूस आणखी तीन वर्षे सहज काढू शकला असता. प्रोसेसरच्या बाबतीत हे आपण कधीच मान्य केले आहे. एएमडीने २०२२ मध्ये सॉकेट बदलला, तरी आधीच्या एएम४ चे बहुतेक कूलर नव्या एएम५ वर बसतील याची काळजी घेतली. मग कार्डाचा मालक तेवढा परका का ठरावा?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कार्डाची चिप उघडी असते, वर धातूचे झाकण नसते. स्क्रू एकाच बाजूने आवळत नेले तर तिच्या कोपऱ्याचा टवका उडतो आणि ती मरते. त्या चुकीचा भुर्दंड कंपनीने का सोसावा? सोसूच नये. तुटलेला कोपरा डोळ्यांना दिसतो, त्यासाठी स्टिकरचा पुरावा लागत नाही. इव्हीजीए ही अमेरिकी कंपनी २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या धंद्यातून बाहेर पडेपर्यंत ग्राहकाला कूलर बदलू देत असे. कार्डाला इजा नको आणि परत पाठवताना मूळ कूलर लावलेला हवा, एवढीच अट होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर २०१८ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये अशा स्टिकरांबद्दल कंपन्यांना इशारापत्रे धाडली; दुसऱ्या खेपेला त्यांत संगणकाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्याही होत्या. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूही घेतल्या. त्याच वाटेने ग्राफिक्स कार्डापर्यंत जाता येईल. कंपन्यांकडून फार काही मागायचे नाही. स्टिकर काढावा आणि प्रत्येक कार्डाच्या खोक्यात एक कागद घालावा: कूलरच्या स्क्रूंमधले अंतर किती, ते कोणत्या क्रमाने आवळायचे आणि कोणत्या मेमरीवर १ मिलिमीटरचा पॅड लागतो, कोणत्या भागावर दीडचा. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिराला हा अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब अंदाजाने करावा लागतो, आणि पॅड जाड पडला की हीटसिंक चिपला टेकतच नाही.