'माया' पडद्यावर, वनरक्षक चौकटीबाहेर

चंद्रपूर, (प्रतिनिधी) : रवांडात १९६७ पासून पर्वतीय गोरिलांचा अभ्यास व रक्षण करणाऱ्या डायन फॉसी यांची डिसेंबर १९८५ मध्ये तेथेच हत्या झाली. त्यांच्यावरील माहितीपटांनी गोरिलांविषयी जगभर आस्था निर्माण केली. आज या गोरिलांची संख्या हजारावर आहे.

ताडोबालाही हे भाग्य लाभले. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांच्या 'क्वीन ऑफ तारू'ने 'माया' वाघिणीला देशोदेशी पोहोचविले. मात्र, नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या महिला वनरक्षकाचा याच मायाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तेरा जणांचे बळी घेणारा 'सीटी-१' वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीतील वडसा परिसरात जेरबंद झाला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या ३ महिला एकाच दिवशी ठार झाल्या.

पर्यटकाला वाघ जिप्सीतून दिसतो. मजुराला आणि वनरक्षकाला तो पायवाटेवर भेटतो. रवांडाने २००५ पासून पर्यटनाच्या उत्पन्नातील वाटा उद्यानालगतच्या गावांना दिला, हेही गोरिलांच्या कथेचेच एक प्रकरण आहे. वाघाच्या संवर्धनाची किंमत मोजणारी माणसे चौकटीत येत नाहीत, तोवर ताडोबाची कथाही अर्धीच राहील.