पान्हा, चीक आणि बदामाचे दूध

‘चीक’ या शब्दाने आम्हाला गेले काही दिवस स्वस्थ बसू दिलेले नाही. मराठीत रुईच्या पानातून ठिबकतो तो चीक, गहू तीन दिवस भिजवून वाटल्यावर कुरडयांसाठी खाली बसतो तोही चीक, आणि गाय किंवा म्हैस व्याल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस जे दाट, पिवळसर दूध निघते तेदेखील चीकच. वनस्पती आणि जनावर यांच्यामध्ये आज कायदेपंडित जी भिंत बांधू पाहत आहेत, ती आमच्या भाषेने या एका शब्दापुरती तरी कधी मानलीच नव्हती. हे सुचण्याचे निमित्त मात्र भाषाशास्त्राचे नाही. पुण्याच्या कोरेगाव पार्कातील एका लोकप्रिय व्हीगन कॅफेच्या यादीत आम्ही ‘व्हीगन खरवस’ हे शब्द वाचले, तिथून हे सुरू झाले.

खरवस! दुधाच्या सगळ्या पदार्थांतून या पंथाने खरवसच उचलावा, यातला विरोधाभास त्या यादीच्या कर्त्याला जाणवला असेल की नाही, कोण जाणे. दही, तूप, ताक यांबद्दल निदान असा युक्तिवाद करता येतो, की वासराचे पोट भरून उरलेले ते आपण घेतले. खरवसाबाबत तीही सोय नाही. चिकाचे दूध निसर्गाने नुकत्या जन्मलेल्या वासरासाठीच योजलेले असते. त्या दुधातल्या प्रथिनांमुळेच ते नुसत्या वाफेवर थिजते, त्याला बाहेरून काही घालावे लागत नाही. (मिठाईच्या दुकानांत पुष्कळदा चायनाग्रास घालून थिजवलेला जो गुळगुळीत चौकोन या नावाने विकला जातो, त्याच्याविषयी आम्ही बोलत नाही. तो व्हीगन नसला तरी खरवसही नव्हे.) कॅफेतला खरवस नारळाच्या दुधाचा होता. वेलची-जायफळ नेमके पडले होते, पोतही बरा होता. आमच्या दोघांपैकी एकाला तो आवडला. दुसरे म्हणाले, हा नारळाचा उत्तम पदार्थ आहे, त्याला स्वतःचे नाव का देऊ नये?

नावांचा हा प्रश्न वरवरचा नाही. ‘व्हीगन’ हा शब्दच मुळात कोशकाराने नव्हे, एका असंतुष्टाने घडवलेला आहे. १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे घेतली आणि मधले सगळे गाळले. दूध आणि अंडी खाणारा शाकाहार त्यांना अर्धवट वाटत होता. मराठीत या शब्दाचे काय करावे, हे अजून ठरलेले नाही. कोणी ‘वीगन’ लिहितो, कोणी ‘व्हेगन’. ‘शाकाहार’ म्हणावे तर त्यात दूधदुभते गृहीतच आहे. २००१च्या सुमारास पाकिटांवर आलेला हिरवा ठिपकाही दुधाला बिनतक्रार आत घेतो. ‘निरामिष’ म्हणावे तरी अडचण तीच. दूध वगळणारा आहार आपल्याकडे व्रताच्या दिवसापुरता असेल, पण ती कायमची जीवनपद्धती असू शकते ही कल्पनाच भाषेत नव्हती, म्हणून शब्दही नाही. आता २०२२च्या नियमांनी व्हीगन पदार्थांना स्वतंत्र चिन्ह मिळाले आहे. शासनाला चिन्ह सापडले, भाषेला अजून शब्द सापडायचा आहे.

उलट बाजूची लढाई दुधाच्या मालकी हक्काची. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांना दूध, लोणी, चीज ही नावे लावून विकता येणार नाही. नारळाच्या दुधासारखे रूढ अपवाद तेवढे राहिले. २०२१ मध्ये आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही वनस्पतिजन्य पेयांना दुग्धवाचक नावे लावण्यास हरकत घेतली. सोलकढीसाठी पिढ्यान्‌पिढ्या नारळाचे दूध काढत आलेल्या कोकणी गृहिणीला या वादाचे हसू येईल. पण मराठी कानाची एक खरीखुरी अडचण आहे, ती या कॅफेत प्रत्यक्ष अनुभवास आली. आमच्याबरोबर एम.ए.चे चार विद्यार्थी होते. त्यांच्यातल्या एकीने ‘आमंड मिल्क’चा अर्थ ‘बदाम दूध’ असा घेतला आणि कोजागिरीचे आटीव, केशरी दूध येणार म्हणून ती वाट पाहत बसली. आले ते बदाम वाटून गाळलेले पांढरे पाणी. एका षष्ठीच्या प्रत्ययाचे महत्त्व व्याकरणाच्या तासाला आम्हाला इतक्या परिणामकारकपणे कधी शिकवता आले नव्हते!

जेवणाविषयी थोडे. काजूचे चीज बेताचे होते. टोफूला पनीर म्हणण्याचा हट्ट सोडला असता तर टोफू अधिक आवडला असता. फणसाच्या कुयरीची भाजी उत्कृष्ट होती, आणि ती तशी असायचीच, कारण ती करताना कुणाची नक्कल करायची नव्हती. यादीत मात्र तिला ‘जॅकफ्रूट पुल्ड’ असे काहीसे नाव होते. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा हे त्रिकूट ‘मिलेट फ्लॅटब्रेड विथ पीनट रेलिश’ या वेषांतरात तीनशे सत्तर रुपयांना बसले होते. १९९५ मध्ये या राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देण्याची सरकारी योजना आली होती, हे आमच्या पिढीला आठवते. किमतीवरून कॅफेवाल्यांशी भांडण्याचे कारण नाही. कोरेगाव पार्कातल्या जागेचे भाडे भाकरीला चुकवावे लागणारच. आमचा आक्षेप वेगळा आहे. पिठले, भाकरी, ठेचा, तेलातले भरले वांगे, हुलग्याचे माडगे हे कष्टकऱ्यांच्या ताटातले अन्न आधीपासूनच दूध-तुपाशिवायचे आहे, आणि तसे ते तत्त्वापोटी नव्हे, परवडत नव्हते म्हणून. हे अन्न स्वतःच्या नावाने यादीत आले असते, तर ‘हे परदेशी खूळ आहे’ या नेहमीच्या आक्षेपाला तिथल्या तिथे उत्तर मिळाले असते. नाव पुसून कॅफेने स्वतःचा सर्वांत बळकट पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट केला.

परदेशी खुळाचा हा आक्षेप साहित्याच्या वर्गात वेगळ्या रूपात येतो. आपले वाङ्मय दुधात भिजलेले आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. गौळण हा रचनाप्रकारच घ्या. संतांपासून तमाशापर्यंत तो माठ डोक्यावर घेऊन चालत आलेला आहे. काला आहे, दहीहंडी आहे, रायगडाच्या कड्यावरून तान्ह्या बाळासाठी उतरलेली हिरकणी आहे. देव आणि भक्त यांच्या नात्याला तर गाय-वासराइतकी लाडकी प्रतिमा दुसरी नाही. मग दूध सोडणाऱ्याने या सगळ्याचे काय करायचे? एका सहकाऱ्यांनी आम्हाला हा प्रश्न काहीशा विजयी मुद्रेने विचारला.

आमचे उत्तर असे, की या प्रतिमेकडे त्यांनी पुन्हा एकदा पाहावे. संतांच्या त्या प्रतिमेत दूध वासराचे आहे. गाय हंबरते ती वासरासाठी, आणि भक्त स्वतःला वासराच्या जागी ठेवतो, गवळ्याच्या नव्हे. व्यवहारातली मराठीही यापेक्षा निराळे बोलत नाही. ‘पान्हा चोरणे’ या प्रयोगाचा विचार करा. गाय आपल्या वासरासाठी दूध आवरून धरते आणि आपण तिला चोर ठरवतो! ज्या समाजाने हा शब्दप्रयोग केला, त्याला ते दूध कोणाचे हे पक्के ठाऊक होते. वासरू आधी कासेला लावायचे, पान्हा फुटला की ओढून दाव्याला बांधायचे, हा नित्याचा क्रम त्याने रोज पाहिला होता. वासरू मेलेच तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करण्याची युक्तीही जुनीच. भाषेने हे लपवलेले नाही. आपण वाचक म्हणून त्यावरून डोळे फिरवत आलो, एवढेच.

गांधींनी डोळे फिरवले नाहीत. दूध काढण्यासाठी जनावरांवर होणाऱ्या क्रूर प्रकारांविषयी वाचल्यानंतर त्यांनी १९१२ मध्ये, टॉलस्टॉय फार्मवर असताना, दूध सोडले. पुढे १९१८-१९च्या दीर्घ आजारात, तुमची प्रतिज्ञा गाई-म्हशीच्या दुधाची आहे, शेळीच्या नव्हे, या कस्तुरबांच्या युक्तिवादापुढे त्यांनी मान तुकवली आणि ती तडजोड त्यांना सतत टोचत राहिली, असे आत्मकथेत दिसते. ‘व्हीगन’ हा शब्द जन्माला येण्याच्या बत्तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

परंतु महाराष्ट्रात आहारत्यागाची आणखी एक कहाणी आहे आणि ती बाजूला ठेवून या विषयावर बोलणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य समाजाला मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. गावगाड्यात एकाच गाईची वाटणी कशी होत असे पाहा: जिवंतपणी तिचे दूध-तूप एका घरी, आणि मेल्यावर तिला ओढून नेण्याचे काम व त्या कामाचा मोबदला म्हणून पदरी पडणारे मांस दुसऱ्या वस्तीवर. वरच्या टोकाला पावित्र्य, खालच्या टोकाला विटाळ, आणि जनावर तेच. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) शिकवताना, किंवा शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) चर्चेला घेताना, वर्गातला जो भाग गप्प होतो आणि जो भाग बोलू लागतो, ते पाहिले की कळते: आपल्याकडे ‘मी काय खात नाही’ हे वाक्य कधीच निव्वळ आहाराविषयीचे नसते.

म्हणूनच व्हीगन विचारात आम्हाला एक मोलाची शक्यता दिसते आणि त्या कॅफेत ती मातीमोल होताना दिसली. ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीतला सगळा भार ‘शुद्ध’ या शब्दावर असतो. तिथे प्रश्न खाणाऱ्याच्या पावित्र्याचा आहे, जनावराच्या वेदनेचा नाही. म्हणून ती पाटी भाड्याच्या घराच्या दारावरही लागते आणि मासे खाणाऱ्या कुटुंबाला परत पाठवते. व्हीगन विचार हे केंद्र हलवतो. कोणी शुद्ध व्हावे असा त्याचा आग्रह नाही, गाईला दुखू नये असा आहे. या न्यायाने तुपाची धार आणि मटणाचा तुकडा एकाच प्रश्नाखाली येतात. शतकानुशतके ज्या उतरंडीने तूप वर आणि मांस खाली ठेवले, ती उतरंडच निराधार होते. हे केवढे क्रांतिकारक आहे! आणि कॅफेच्या यादीवर काय होते? व्हीगनच्या खुणेशेजारी ‘सात्त्विक’ अशी दुसरी खूण आणि ‘कांदा-लसूण विरहित’ अशी तिसरी. व्यवस्थापकांनी आम्हाला मोठ्या अगत्याने आश्वस्त केले, ‘आमच्याकडे सगळं एकदम प्युअर असतं.’ कांद्याला कोणती वेदना होते, हे विचारण्याचा मोह आम्ही आवरला.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी एकाच्या घरी चार संकरित गाई आहेत, दूध संकलन केंद्राला जाते. तो सबंध जेवणभर गप्प होता. बाहेर पडल्यावर म्हणाला, ‘सर, हे लोक गाईवर एवढं प्रेम करतात, तर भाकड गाईचं काय करायचं हे यांनी कुठं लिहिलंय का?’ त्याचा प्रश्न उपहासाचा नव्हता. मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि गोऱ्ह्यांच्याही कत्तलीला बंदी आहे, आणि मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. ट्रॅक्टर आल्यामुळे गोऱ्ह्याला औत नाही, संकरित गोऱ्हा तर त्या कामाचा मानलाच जात नाही, बाजारात गिऱ्हाईक नाही, आणि वैरणीला पैसा लागतो. म्हणजे दूध हवे, वासरू नको, आणि वासराची विल्हेवाटही नको, अशी ही व्यवस्था आहे. तिचा ताळेबंद शेतकऱ्याच्या गोठ्यात येऊन थांबतो. जुलै २०१८ मध्ये दराच्या मागणीसाठी याच शेतकऱ्यांनी रस्त्यावर दूध ओतले, तेव्हा शहराने नासाडीबद्दल हळहळ व्यक्त केली. लीटरमागे त्यांच्या हातात काय उरते, याची विचारणा त्या मानाने कमीच झाली.

दूध आणि कत्तल यांची सांगड आहे, असे व्हीगन चळवळ जगभर स्पष्टपणे सांगते. आपल्याकडे मात्र दुधाला पूज्य मानणारे हे ऐकायला तयार नसतात, आणि कॅफे त्यांना दुखवायला तयार नसतो. यादीच्या पाठीमागे प्राणिप्रेमावर दोन सुबक परिच्छेद छापलेले होते, कोवळ्या वासराच्या चित्रासह. त्यांत गोठा नव्हता, गोऱ्हा नव्हता, दूध सोडले तर त्या चार गाईंच्या घराने कशावर जगायचे हेही नव्हते. तूर, शेंगदाणा, सोयाबीन, नाचणी पिकवणाऱ्याशी या स्वयंपाकघराचा थेट व्यवहार आहे का, या आमच्या प्रश्नावर ‘सोर्सिंग’ हा एक शब्द मिळाला आणि पाठोपाठ बिल आले.