चावी ज्याच्या हाती, गाडी त्याची



ऐन हापूसच्या हंगामात घडलेली गोष्ट. साठ पेट्या माझ्या जुन्या पिकअपमध्ये भरून तयार होत्या. संध्याकाळी कसालला पोचून वाशीच्या ट्रकवर चढवायच्या. झेल्याने आंबे उतरवताना चावी बागेत कुठे पडली, कळले नाही. गडी माणसांसह सगळे गवत पालथे घातले. चावी मिळाली नाही. दुसरी चावी नव्हतीच. सहा वर्षे वापरलेली गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने एकच दिली होती.

बाजारातला चावीवाला आला. कुलूप बघून म्हणाला, "दार उघडून दितंय, पण गाडी चालू होवची नाय." त्याचे खरे होते. आजच्या चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. स्टार्टरच्या कुलपाभोवतालची तारेची गुंडाळी तिला जागे करते, चिप आपला आकडा सांगते आणि गाडीतल्या संगणकाला तो ओळखीचा वाटला तरच इंजिन चालते. पाते हुबेहूब कापले तरी उपयोग नाही. ती ओळख करून देणारे यंत्र आपल्या चावीवाल्याकडे नाही.

मग शोरूम. नोंदणीपत्र आणा, ओळखपत्र आणा, चावी हरवल्याचा पोलिसांचा दाखला आणा, पैसे आगाऊ भरा, दहा-बारा दिवस थांबा, आणि गाडी टोचन करून इथे आणा! पाच पेट्यांची पट्टी त्या एका चावीत गेली. भाड्याचा टेम्पो वेगळाच. आंबा काही दहा दिवस थांबत नाही.

चूक माझी होती, कबूल. चावी मी हरवली. पण दुसरी चावी कुठे गेली, हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा चाव्या दोन असतात. कर्जावरच्या गाडीची दुसरी चावी कित्येक फायनान्सवाले ठेवून घेतात. हप्ता थकला की गाडी ओढून न्यायला ती सोयीची. कर्ज फिटते, ३५ नंबरचा फॉर्म भरून बोजा उतरतो, चावी मात्र तिथेच राहते. पुढे गाडी विकली जाते. हस्तांतराच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे. चाव्या किती दिल्या, याचा रकाना नाही. ओरोसच्या कार्यालयात गाडी तुमच्या नावावर होते, आणि तिची एक चावी कोणा अनोळखी माणसाच्या कपाटात असते. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी विचारते, दोन्ही चाव्या दाखवा. कुठून दाखवणार?

कंपन्या म्हणतील, हे सगळे चोर आवरण्यासाठी आहे. चिपमुळे चोरी अवघड झाली, हे मान्य. मालकी तपासूनच चावी द्या, हेही मान्य. आमचीच गाडी वाचते. पण मालकी सिद्ध झाल्यावर चावी एकाच दुकानातून, त्याच दुकानाच्या भावाने का घ्यायची? चोर अडवण्याच्या नावाखाली गिऱ्हाईक अडवले जाते आहे.

हे आम्हीच म्हणतो असे नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची तपासणी यंत्रे बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणे, हा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ काढले. त्यात मोटारी आहेत, शेतीची अवजारेही आहेत. संकेतस्थळावर माहिती मिळते, चावी मिळत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात शेतकऱ्यांनी रेटा लावला. तिथे १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांचे सुटे भाग, माहितीपुस्तके आणि संगणकाची साधने मालकाला व बाहेरच्या कारागिराला देणे कायद्याने बंधनकारक झाले. तिथला शेतकरी करू शकतो, तर आपण का नाही?

म्हणून मागण्या तीन. कर्ज फिटताच बोजा उतरवण्याच्या कागदासोबत दुसरी चावी परत मिळालीच पाहिजे. हस्तांतराच्या फॉर्मवर चाव्यांचा रकाना हवा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र लागते, त्याच्यावर हे सक्तीचे करा. आणि चावी जुळवण्याचे यंत्र व परवानगी तालुक्याच्या कारागिराला वाजवी दरात द्या.

सरकार हलेपर्यंत एवढे तरी करा. जुनी गाडी घेताना दुसरी चावी आणि चावीच्या नंबराची पट्टी हातात पडल्याशिवाय शेवटचे पैसे मोजू नका. एकच चावी असेल तर ती शाबूत आहे तोवरच दुसरी करून घ्या. तेव्हा काम सोपे आणि स्वस्त असते. सगळ्या हरवल्या की गाडी दारात उभी, आणि मालक शोरूमच्या दारात उभा.

माल आपला, घाम आपला, गाडीचे पैसेही आपले. मग चावी दुसऱ्याच्या खिशात का? पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या गाडीच्या किती चाव्या आपल्याकडे आहेत, ते मोजून या. ठराव तिथेच करू.