कोळीवाड्याची हद्द नेमकी कुठे संपते?

मुंबईचं नाव ज्या मुंबादेवीवरून पडलं, ती कोळ्यांची देवी. तरीही मुंबईच्या नकाशावर कोळीवाड्यांची हद्द कुठवर धरायची, यावरून अनेक वर्षं वाद आहे.

सीमांकन का महत्त्वाचं?

कोळीवाड्यांत घरं एकमेकांना खेटून आहेत आणि गल्ल्या अरुंद आहेत. जागा पिढ्यानपिढ्या ताब्यात असली, तरी अनेकांकडे मालकीचे कागद नाहीत. नकाशावर कोळीवाड्याची नोंद नसेल, तर अशी वस्ती झोपडपट्टी ठरण्याची भीती असते. २०११च्या सीआरझेड अधिसूचनेत मुंबईतल्या मच्छीमार वसाहतींची नकाशावर नोंद करून त्यांना 'सीआरझेड-३' दर्जा द्यावा, असं म्हटलं होतं.

मोजायचं काय?

खरा वाद इथे आहे. फक्त घरं मोजली, तर मासळी सुकवण्याची खळी, जाळी विणायची मोकळी जागा आणि होड्या ओढून ठेवायचा किनारा हद्दीबाहेर राहतो. बाहेरच्याला ही जागा रिकामी वाटते, पण कोळ्यांसाठी तोच कारखाना असतो. सुकवणं आणि विक्री प्रामुख्याने बायकांच्या हाती असल्याने खळं गेलं, की पहिला फटका त्यांच्या कमाईला बसतो.

हद्द पाण्यातही असते

वरळीत हे स्पष्ट दिसलं. कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरलं होतं. वाऱ्यात आणि लाटांत एवढ्या जागेतून बोट नेणं धोक्याचं, असं सांगत मच्छीमारांनी २०० मीटरची मागणी केली. दीर्घ आंदोलनानंतर एक खांब वगळून १२० मीटर अंतर मान्य झालं. घरांना धक्का लागला नव्हता. प्रश्न समुद्रात जायच्या वाटेचा होता.

मग पुनर्विकास नकोच का?

तसं नाही. कुटुंबं वाढली, घरं अपुरी पडू लागली. चांगलं घर कोळ्यांनाही हवंच आहे. पण सातव्या मजल्यावर बोंबील सुकवता येत नाहीत आणि होडीही तिथे नेता येत नाही. त्यामुळे घरांसोबत खळी, किनारा आणि बोटींची वाट यांचीही नोंद झाली, तरच कोळीवाडा टिकेल. नाहीतर घरं राहतील, धंदा जाईल आणि कोळी ही ओळख नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीपुरती उरेल.