कर्णधार कोणाला करावे?

शाळेचे संघ निवडायची वेळ आली की एक प्रश्न हमखास निघतो : कर्णधार कोण? उत्तरही ठरलेले असते. जो सर्वांत चांगला खेळतो तो! आपल्या पाल्याचे नाव लागावे म्हणून काही पालक शिक्षकांना भेटतात असेही कानावर येते. (प्रमाणपत्रावर ‘कर्णधार’ असे लिहून मिळते ना!) मला ही पद्धत चुकीची वाटते, कारण मीही असाच निवडलेला कर्णधार होतो.

खो-खोमध्ये संरक्षक तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात. कोणी कोणत्या तुकडीत जायचे ते आधीच ठरवून गुणलेखकाकडे नोंदवावे लागते. प्रेक्षकांच्या हे लक्षातही येत नाही. पण पुष्कळदा सामना तिथेच जिंकला किंवा हरला जातो. नववीत असताना एका सामन्यात मी आमच्या एका गड्याला पहिल्या तुकडीत घातले. आदल्या दिवशी सरावात त्याचा घोटा मुरगळला होता. संघातल्या सगळ्यांना ते ठाऊक होते, एका मला सोडून! माझ्या तापट स्वभावामुळे त्याने तोंडच उघडले नाही. खांबाजवळ वळताना तो कोसळला. सामना तर गेलाच, पण पुढच्या वर्षी तो मुलगा मैदानाकडे फिरकला नाही. मी मात्र त्या दिवशीही सर्वांत जास्त वेळ नाबाद होतो, आणि घरी गेल्यावर तेवढेच सांगितले.

आपल्या बडोद्याच्या विजय हजारे यांचे उदाहरण पाहा. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा हजारे कर्णधार होते. त्या सामन्यात शतके काढली पंकज रॉय आणि पॉली उमरीगर यांनी. १२ बळी घेतले विनू मंकड यांनी. स्वतः हजारे यांची धावसंख्या मोठी नव्हती. एवढा मोठा फलंदाज, पण त्या विजयात त्याच्या धावा कोणी शोधत नाही.

उत्तम खेळाडू चांगला कर्णधार होऊच शकत नाही, असे माझे म्हणणे नाही. पण ती दोन कामे वेगळी आहेत, आणि दुसऱ्या कामाची आपण परीक्षाच घेत नाही. एकट्या शिक्षकांना तरी सगळे कसे कळणार? मैदानाबाहेर मुले एकमेकांशी कशी वागतात ते मुलांनाच ठाऊक असते.

म्हणून विश्वस्त मंडळाला आणि क्रीडाशिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. यंदा कर्णधार ठरवण्यापूर्वी संघातल्या प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्यावी. तीवर स्वतःचे नाव लिहायचे नाही. प्रश्न एकच : ‘सामन्याच्या दिवशी पाय दुखत असला, तर ते तू संघातल्या कोणाला सांगशील?’

आमच्या वेळी अशा चिठ्ठ्या निघाल्या असत्या, तर माझे नाव एकाही चिठ्ठीवर आले नसते.